उसाच्या फडातली भुतं

गेल्या मार्च महिन्यातली गोष्ट. दुपारची सुट्टी संपली होती. मी शिष्यवृत्तीच्या याद्या तपासत बसलो होतो. तेवढ्यात आठवीचा मॉनिटर दाराशी येऊन उभा राहिला. मुख्याध्यापकाच्या खोलीत येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. कुणी खडू फेकतो, कुणी कंपास चोरतो, कुणी सायकलची हवा सोडतो. मी मान वर न करताच विचारलं, "काय झालं?"

"सर, आमच्या वर्गात झॉम्बी आलीय."

मी चष्मा काढला. "कोण आलीय?"

"झॉम्बी, सर. डोळे उघडे ठेवून झोपती. हाक मारली तर बघत न्हाई. मघा एकदम उठून दाराकडं चालायला लागली. पोरी भ्याल्यात."

मी त्याच्या मागोमाग गेलो. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसली होती. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, बुबुळं वर गेलेली, तोंड किंचित उघडं. हातांवर उसाच्या पाचटाने काढलेल्या बारीक रेघा. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ती ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेली होती आणि परवाच परत आली होती. बाकावर बसल्या बसल्या तिला झोप लागली होती, एवढंच. पण आठवीचा सगळा वर्ग तिच्यापासून दोन हात सरकून बसला होता.

मी काही बोललो नाही. दारातच उभा राहिलो. मुलांना वाटलं, सर चिडलेत. मी चिडलो नव्हतो. मला दुसराच एक बाक दिसत होता, सत्तावीस वर्षांपूर्वीचा. त्या बाकाबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. या अंकासाठी संपादकांनी लेख मागितला तेव्हा सीमाभागातल्या मराठी शाळा असा माझा नेहमीचा विषय मनात होता. पण म्हटलं, यंदा भुतांवर लिहू. भुतांवर म्हणजे भुताच्या सिनेमांवर, आणि त्यातही अगदी स्वस्तातल्या सिनेमांवर. एम. ए. झालेल्या हेडमास्तरने असल्या विषयाला हात घालावा का, असं तुम्ही म्हणाल. शिक्षक-खोलीतही असंच म्हणतील. म्हणोत.

मला या सिनेमांचा नाद चौदाव्या वर्षी लागला. १९८४ साली रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' आला आणि वर्षभरात त्याची कॅसेट आमच्या भालकीपर्यंत पोचली. भाड्याने आणलेला व्हीसीआर, एक रंगीत टीव्ही, चिंचोळ्या खोलीत चाळीस माणसं आणि खिडकीला टाकलेली सतरंजी. मला माझ्या आत्तेभावाने नेलं होतं. घरी 'गणिताचा अभ्यास' असं सांगितलं होतं. सामरी नावाच्या त्या दैत्याचं मुंडकं एकीकडे आणि धड दुसरीकडे बंदोबस्तात ठेवलेलं, आणि ती दोन्ही एकत्र आली की अनर्थ, अशी कथा. दैत्य झालेला अनिरुद्ध अग्रवाल हा रुरकीचा शिकलेला इंजिनियर होता, हे मला फार पुढे कळलं. त्या रात्री मात्र मी मोरीला जाताना आत्तेभावाचा सदरा धरून गेलो.

या रामशांची कथाही त्यांच्या सिनेमांइतकीच मजेदार आहे. बापाचा मूळ धंदा कराचीत रेडिओचा. फाळणीनंतर मुंबईत दुकान. मुलगे सात. एकाने कॅमेरा धरायचा, एकाने दिग्दर्शन करायचं, एकाने ध्वनिमुद्रण सांभाळायचं, असा घरचाच कारखाना. १९७२ साली त्यांनी 'दो गज जमीन के नीचे' काढला तो महाबळेश्वरला मुक्काम टाकून, मोजक्या माणसांत आणि मोजक्या पैशांत. नट मोठे नाहीत, सेट मोठे नाहीत, मग पडदाभर दाखवायचं काय? तर धुकं, जुना वाडा, दाराची कडी आणि पुरलेलं माणूस. शहरातल्या जाणत्या लोकांनी नाकं मुरडली. पण तालुक्याच्या गावांनी त्यांना पोसलं. त्यांत आमचे दोन-दोन रुपयेही आहेत.

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला आणि बिंग फुटलं. आई मारायला धावली. आजीने मधे हात घातला आणि मला कुशीत घेऊन विचारलं, "काय दाखवलं रं त्यात?" मी सगळी गोष्ट सांगितली. ती हसली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळ होता. त्यावर मुंजा राहतो असं सगळी गल्ली मानायची. मुंज झाली आणि लग्नाआधीच पोरगा गेला की त्याचा मुंजा होतो, ही समजूत आपल्याकडे गावोगाव आहे. मराठवाड्यात तर मुंजाबाची देवळंही आहेत. आजी म्हणाली, "मुंजा वाईट न्हाई रं बाळा. लेकरूच की ते. त्याचं काईतरी ऱ्हायलेलं असतंय, म्हणून धरतंय. ऱ्हायलेलं दिलं की सोडतंय."

ऱ्हायलेलं. हा शब्द मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला. मला सामरी जास्त आवडला होता.

पुढे मी भुताचे सिनेमे चोरून पाहत राहिलो. बहुतेक टाकाऊ होते, हे कबूल करतो. बायकांना उगाच न्हाऊ घालायचं, विनोदी नटाला उगाच धावडायचं आणि शेवटी त्रिशूळ घेतलेल्या बाबाने सगळं निस्तरायचं. महाराष्ट्राने २०१३ साली आणि आमच्या कर्नाटकाने २०१७ साली जादूटोण्याविरुद्ध कायदे केले, त्यातला अर्धा मजकूर या सिनेमांतल्या बाबांना लागू पडेल. पण कोंड्यात दाणे असतातच. १९८० सालचा 'गहराई' हा असाच एक दाणा. विकास देसाई आणि अरुणा राजे यांनी तो केला. कथा आपल्याच कर्नाटकातली. चेन्नबसप्पा नावाचा सुखवस्तू गृहस्थ गावाकडची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकून टाकतो. जमीन राखणारा बसवा तळमळतो. आणि इकडे बंगळूरच्या घरात चेन्नबसप्पाची शाळकरी मुलगी वेगळ्याच आवाजात बोलायला लागते. बाप डॉ. श्रीराम लागूंनी केला आहे आणि मुलगी पद्मिनी कोल्हापुरेने. त्या मुलीच्या तोंडून काय बाहेर येतं? बापाचं जुनं पाप. बसवाच्या बायकोवर त्याने केलेला अत्याचार.

आपण म्हणतो, पोर झपाटलं. त्या सिनेमात पोर झपाटलेलं आहे खरं, पण खोटं एक अक्षर बोलत नाही. घरातली मोठी माणसं शहाणी आहेत, शुद्धीवर आहेत आणि तीच लपवालपवी करतात.

दुष्ट मुलांचे सिनेमे जगभर निघाले. 'द एक्झॉर्सिस्ट' १९७३ चा, 'द ओमेन' १९७६ चा. पण मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं पोर वाटतं ते जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' मधलं. हा सिनेमा १९६८ चा. पिट्सबर्गच्या काही जाहिरातपट करणाऱ्या तरुणांनी सव्वा लाख डॉलरच्या आतबाहेर खर्चून तो केला. कृष्णधवल. रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत वापरलं. मढी झालेली माणसं आसपासचीच. वितरकाने सिनेमाचं नाव बदलताना हक्काची नोंद छापायची राहून गेली आणि सिनेमा ज्याला हवा त्याचा झाला. म्हणूनच तो जगभर फुकटात फिरला आणि माझ्यासारख्या भालकीच्या मास्तरापर्यंत पोचला.

त्यात एका शेतघरात काही माणसं अडकली आहेत आणि बाहेर मेलेल्यांची गर्दी आहे. तळघरात एक आजारी मुलगी पडून आहे. मोठी माणसं वर भांडत असतात. तळघरात बसावं की वर थांबावं, कुणाचं ऐकावं, बंदूक कुणाच्या हाती असावी. त्या भांडणात मुलीकडे धड कुणाचंच लक्ष राहत नाही. ती मरते, उठते आणि गवंड्याच्या थापीने आईला मारते. ही मुलगी केली होती ती निर्मात्यांपैकीच एकाच्या मुलीने, आणि सिनेमातला बापही तोच. घरातलीच माणसं. रामशांसारखीच.

पैसे नसले की असं होतं. पैसेवाला दैत्य विकत आणतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो घरातलं पोर, शेजारचं माणूस, मागचं शेत आणि जवळची विहीर घेतो. आणि भीती मुळात तिथेच असते.

आता तो बाक.

१९९८ साल. मी सहशिक्षक होतो, नोकरीत नवा होतो आणि वर्गात लोकप्रिय होतो. लोकप्रिय होण्याची माझी युक्ती सोपी होती. मी नकला करायचो. १९९३ साली महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला होता आणि मुलांना तो तोंडपाठ होता. एका गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि तो तात्या विंचू होतो, ही गोष्ट कुणाला सांगायला नको. लक्ष्मीकांत बेर्डे, दिलीप प्रभावळकर आणि रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला. मी त्या बाहुल्याचा आवाज बरा काढायचो.

आठवीत एक मुलगा होता. सडसडीत, काळासावळा, मागच्या बाकावर बसणारा. त्याच्या आईबापांची टोळी त्या वर्षी लांब न जाता जवळच्याच फडावर होती, म्हणून तो अधूनमधून शाळेत येई. आला की झोपे. त्याची झोपही विचित्र. डोळे पुरते मिटत नसत. पांढऱ्या बुबुळांचा तो चेहरा पाहिला की पुढची मुलं खुसफुसत.

एका दुपारी मी कविता शिकवत होतो. वर्ग कंटाळला होता आणि मीही. मी बोटांवर चालत त्याच्या बाकापाशी गेलो, वर्गाकडे पाहून डोळा मारला, सिनेमातला तो मंत्र बाहुल्याच्या आवाजात म्हटला आणि डस्टर त्याच्या डोक्याजवळ बाकावर आपटला. तो ताडकन उठला. उठला आणि हात पुढे करून दोन पावलं चालला. मोळी उचलायला निघाल्यासारखा. मग थांबला. आपण कुठे आहोत हे त्याला कळेना. मी म्हटलं, "बघा, बाहुल्यात जीव आला!"

वर्ग हसला. इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मला वाटलं, तास रंगला.

त्या दिवसापासून तो 'बाहुला' झाला. नंतर 'भूत'. तो अजून चार-पाच दिवस आला असेल. मग आला नाही. पंधरवड्यानंतर त्याची आई आली. कमरेला कोयत्याचा घट्टा पडलेली, पदराने तोंड पुसत उभी. शाळा सोडल्याचा दाखला मागत होती. मुख्याध्यापक तालुक्याच्या बैठकीला गेले होते आणि लेखनिक रजेवर, म्हणून दाखला लिहायला मीच बसलो. मी सवयीने विचारलं, "का काढताय पोराला?"

ती म्हणाली, "साळंला जा म्हणलं तर जाऊलाला न्हाई, सर. म्हणतंय, तिथं मला भूत म्हणतेत. रातभर गाडी भरतंय आमच्यासंगं. दोनला उठतंय. कवा झोपावं त्येनं?"

भूत म्हणणारा समोर बसला आहे हे तिला माहीत नव्हतं. मी ते सांगितलं नाही. राहू द्या, समजावतो त्याला, एवढं तरी म्हणता आलं असतं. तेही म्हटलं नाही. दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो. मी त्यात 'चांगली' असं लिहिलं, सही केली आणि खाली तिचा अंगठा घेतला. हजेरीपटात त्याच्या नावावर तांबड्या शाईची रेघ ओढली. अक्षर माझं चांगलं आहे, रेघही सरळ आली.

त्यानंतर मी तो प्रसंग विसरलो, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. बढती मिळाली, घर बांधलं, केस पिकले. विसरणं काही अवघड नव्हतं.

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद होत्या. मुलगा नोकरीच्या गावाहून घरी आला होता आणि त्याच्या लॅपटॉपवर जुने सिनेमे होते. त्यात 'व्हाइट झॉम्बी' होता. १९३२ चा. हा झॉम्बीच्या सिनेमांचा मूळ पुरुष. हाल्पेरिन बंधूंनी तोही काटकसरीतच केला. दुसऱ्या सिनेमांचे उरलेले सेट भाड्याने घेतले आणि अकरा दिवसांत चित्रण उरकलं. कथा हैती बेटावरची. मला वाटलं होतं, माणसं खाणारी मढी दिसतील. दिसला साखरेचा कारखाना.

रात्रीची वेळ. एक भलंमोठं लाकडी चरक. डोक्यावर उसाच्या पाट्या घेतलेली माणसं ओळीने येतात आणि ऊस वरून ओततात. खाली माणसंच चरक फिरवतात. कुणी बोलत नाही. डोळे उघडे आहेत, पण नजर नाही. फक्त लाकडाचा करकर आवाज. एका माणसाचा तोल जातो आणि तो चरकात पडतो. कुणी थांबत नाही. मान वळवूनसुद्धा पाहत नाही. चरक फिरत राहतो.

मी मुलाला म्हटलं, "थांबव." त्याने थांबवला. "काय झालं बाबा?" मी म्हटलं, "काही नाही, पाणी पिऊन येतो." स्वयंपाकघरात उभा राहिलो तेव्हा मला ती दोन पावलं दिसली. हात पुढे करून टाकलेली.

मग मी या शब्दाचा माग काढला. झॉम्बी मुळात माणसं खात नव्हता. माणसं खाणारी गर्दी हे रोमेरोनंतरचं प्रकरण, आणि त्याच्या त्या सिनेमात तर झॉम्बी हा शब्दही कुणी उच्चारत नाही. हैतीतला मूळ झॉम्बी हा मजूर होता. फ्रेंचांनी आफ्रिकेतून गुलाम आणून त्या बेटावर ऊस पिकवला. मेल्यावर तरी आपण आपल्या देशी परत जाऊ, एवढीच त्या गुलामांची आशा. ज्याला मेल्यावरही सुटका नाही, ज्याला मढ्यातून उठवून पुन्हा राबवलं जातं, तो झॉम्बी. १७९१ ते १८०४ या काळात त्या गुलामांनी लढून आपलं राज्य केलं, पण ही भीती मागे राहिली. १९१५ मध्ये अमेरिकेने बेट ताब्यात घेतलं. पुन्हा उसाचे मळे, पुन्हा परक्यांचे कारखाने. सीब्रूक नावाच्या अमेरिकन लेखकाने १९२९ साली हैतीवर पुस्तक लिहिलं. त्यात तिथे ऐकलेली एक गोष्ट आहे. एक माणूस मेलेल्यांची टोळी घेऊन उसाच्या मळ्यावर कामाला येतो. टोळीतल्या सगळ्यांची मजुरी तोच घेतो. त्यांना जेवण द्यायचं ते अळणी, कारण मीठ लागलं की मढ्याला भान येतं. एकदा त्याच्या बायकोला त्या मुक्या माणसांची दया येते. ती त्यांना जत्रेला नेते आणि खाऊ घेऊन देते. खाऊतल्या दाण्यांना मीठ असतं. ते जिभेला लागतं, आणि आपण मेलेले आहोत हे त्यांना कळतं. ती माणसं आक्रोश करत आपल्या गावाकडे, आपल्या थडग्यांकडे चालू लागतात.

आपल्याकडे माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. तिकडे मीठ खाल्लं की मढं जागं होतं. मला ते मीठ एका अकरा दिवसांत उरकलेल्या सिनेमाने चारलं.

आमच्या तालुक्यात ऊस नवीन नाही. साखर कारखान्याचा भोंगा ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या. टोळी, मुकादम, उचल हे शब्द मला चौथीपासून माहीत आहेत. नवरा-बायको मिळून मजुरांची मोजणी 'एक कोयता' अशी होते, हेही माहीत होतं. दोन माणसं मिळून एक हत्यार. त्यांच्याबरोबर आलेलं पोर तर मोजणीतच नाही. आणि जे मोजणीत नाही ते रात्री दोनला उठून गाडी भरतं. हे सगळं माहीत असून मी त्या पोराला भूत म्हटलं होतं. भूत कुणी केलं, हे विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' पाहिला. २०१७ चा मराठी सिनेमा. पूजा सावंतने केलेली गरोदर बाई नवऱ्याबरोबर एका खेड्यातल्या घरी आसऱ्याला येते. चहूकडे डोक्यावरून जाणारा ऊस. त्या उसात मुलं लपाछपी खेळताना दिसतात. हसतात, हाका मारतात, नाहीशी होतात. प्रेक्षक त्या मुलांना भीत राहतो. पण भीती ज्या घराची वाटायला हवी ते घर समोरच असतं, आणि उषा नाईकांनी केलेली तिथली बाई पाटावर वाढून देत असते. मुलींना जगू न देणाऱ्या घराचं पाप त्या उसात खेळत असतं. पुढे याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये 'छोरी' नावाने तो हिंदीत केला.

आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' २०२२ चा. डोंबिवलीत मढी उठतात. एका बाजूला उंच इमारती, दुसऱ्या बाजूला पाण्यासाठी वणवणणारं जनतानगर. सिनेमा हसवतो, पण रोग कुणाकडून कुणाकडे गेला हे विसरू देत नाही. याच दिग्दर्शकाने २०२४ मध्ये 'मुंज्या' केला. नावाजलेला नायक नाही, कोकणातला मुंजा हाच नायक, आणि तरी त्याने शंभर कोटींच्या वर गल्ला केला. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांनी तो मोबाईलवर पाहिला. एका मराठी माणसाने आधी झॉम्बी केला आणि मग मुंजा, हे मला बरोबर वाटलं. आजीला दोघांतला फरक सांगता आला नसता. तिने दोघांबद्दल एकच विचारलं असतं, ह्येचं काय ऱ्हायलंय?

तर त्या मार्चच्या दुपारी मी आठवीच्या दारात उभा होतो. आत गेलो. खुर्ची ओढली तर आवाज होईल म्हणून उभाच राहिलो आणि हळू आवाजात विचारलं, "झॉम्बी म्हणजे काय, कोण सांगेल?" चार हात वर झाले. मेलेलं माणूस, सर. माणसं खातंय, सर. चावलं की आपण पण तसंच होतो, सर. मी म्हटलं, "बरं. आता मूळची गोष्ट ऐका." आणि मी त्यांना हैतीची गोष्ट सांगितली. मळा, टोळी, अळणी जेवण, मीठ. सत्तावीस वर्षांत इतक्या हळू आवाजात मी तास घेतला नव्हता. आवाज वाढला असता तर ती उठली असती.

गोष्ट संपल्यावर मॉनिटरने हात वर केला. मला वाटलं, भुताबद्दल काही विचारेल. तो म्हणाला, "सर, मग त्यांची मजुरी? ती दिली का न्हाई कुणी?"

मी म्हटलं, "नाही दिली."

तो खाली बसला. थोड्या वेळाने सरकून आपल्या जागेवर, म्हणजे तिच्या मागच्या बाकावर, जाऊन बसला. त्याच्यामागून दोन मुली सरकल्या. त्या दिवशी तो वर्ग एवढाच सरकला. घंटेने ती जागी झाली. मी तिला खोलीत बोलावलं आणि रात्री झोप होते का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "घरी आल्यापासून बी दोनलाच जाग येऊलालीय, सर. गाडी आल्यावानी वाटतंय. मग झोप लागत न्हाई." मी तिला म्हटलं, वर्गात झोप आली तर झोपत जा, तुला कुणी उठवणार नाही. हे शिक्षण खात्याच्या कुठल्याही परिपत्रकात बसत नाही.

ती आता नववीत आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज जवळ आली असेल आणि आमच्या वाड्यावस्त्यांवरून टोळ्या निघायच्या तयारीत असतील. मी नवरात्रात तिच्या घरी जाऊन आलो. तिच्या आजीला म्हटलं, पोरीला यंदा तुमच्यापाशी ठेवून घ्या. आजी म्हणाली, "ठेवून घेते हो सर. पर कोपीवर धाकल्याला कोण बघावं? उचल घिऊन बसलेत." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या वर्गातून यंदा जाणाऱ्या सात मुलांपैकी तीन आजी-आजोबांपाशी राहायला तयार झाली आहेत. ती त्या तिघांत नाही.

मी तिला पुस्तकं बांधून दिली आहेत. वर्गशिक्षकांना सांगितलं आहे की मार्चपर्यंत हजेरीपटात तिचं नाव ठेवायचं आणि तांबडी शाई माझ्याच कपाटात राहील. तो मुलगा आता चाळिशीचा असेल. कुठे आहे, मला माहीत नाही. त्याचं राहिलेलं त्याला देता येत नाही. दाखल्याच्या जुन्या वहीत माझ्या अक्षरातलं 'वर्तणूक : चांगली' अजून आहे. ते त्याच्याबद्दल खरं होतं. त्या शाळेत त्या वर्षी ज्याची वर्तणूक लिहायला हवी होती, त्याच्यासाठी दाखल्यावर रकाना नव्हता.